लघवीचा रंग सांगितला, पण एक गोष्ट राहून गेली

मार्च लागला की २४ तारखेच्या जागतिक क्षयरोग दिनाची तयारी सुरू होते. शाळेच्या पोरांची रॅली निघते, ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासणी करा’ असे फलक रस्त्याने फिरतात. मी पतसंस्थेच्या काउंटरवरून रॅली बघते आणि दर वर्षी मनात येतं, मला तर एक दिवस खोकला नव्हता.

माझा टीबी पोटात होता, आतड्यात. पण आज लिहायचं आहे ते त्या टीबीपेक्षा त्याच्या मागून जे आलं त्यावर. विषय चार भिंतींतला आहे, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. नवऱ्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, “लिही, पण दवाखान्याचं नाव घालू नको, उगाच भांडण लागेल.” नाव घालत नाही. मला कुणा एकाशी भांडायचंही नाही. चुकलेल्यांच्या यादीत मीही आहे, ते पुढं येईलच.

मी जळगावची सून, माहेर धुळे तालुक्यातलं. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. थोरली मुलगी तेव्हा पाच वर्षांची. २०२२ च्या पावसाळ्यापासून पोटात गोळा उठायचा. इकडून तिकडे फिरायचा, गुरगुर आवाज यायचा आणि मग आपोआप बसायचा. कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी गॅस. सासूबाईंनी बेंबी सरकली म्हणून दोनदा चोळून घेतली. दिवाळीपर्यंत वजन ५४ वरून ४१ वर आलं. लोक म्हणायचे, काय मस्त बारीक झालीस.

जानेवारी २०२३, संक्रांतीच्या आदल्या रात्री आतडं फुटलं. रात्री दोन वाजता ऑपरेशन. लहान आतड्याचा शेवटचा हातभर तुकडा आणि मोठ्या आतड्याची सुरुवात काढून टाकली. पोटात इतका पू झाला होता की लगेच जोडणं धोक्याचं होतं, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून तिथं पिशवी लावली. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यात आधी हाताला ती पिशवीच लागली. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका, तात्पुरती आहे. तीन-चार महिन्यांत आत जोडून टाकू.” आठ-दहा दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला, आतड्याचा टीबी.

ऑपरेशनचा खर्च केशरी रेशनकार्डामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. पिशव्या, पट्ट्या, पावडर यांचा खर्च मात्र आमचा. जळगावात तो माल दर वेळी मिळायचाच असं नाही, नाशिकहून कुरियरने यायचा.

टीबीच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाल्या. तेव्हा माझं वजन ३८ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या उपाशीपोटी. खात्यात महिन्याला पोषण आहाराचे ५०० रुपये यायचे. (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत. घरात कुणी टीबीचं पेशंट असेल तर खातं जोडलंय का बघून घ्या.) गोळ्या देणाऱ्या ताईंनी मायेनं समजावलं. एक दिवसही चुकवायचं नाही. डोळ्यांना अंधारी आली, पिवळेपणा दिसला तर लगेच यायचं. आणि हो, लघवी केशरी-लाल होईल, घाम-अश्रूंनासुद्धा रंग येईल, घाबरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी खरंच लघवी केशरी झाली. मी घाबरले नाही, कारण मला आधी सांगितलं होतं.

ती केशरी लघवी ज्या औषधामुळे होते त्याचं नाव रिफाम्पिसिन. हे औषध आपल्या लिव्हरला जोरात कामाला लावतं. लिव्हर मग अंगातली बाकीची काही औषधं नेहमीपेक्षा फार लवकर फोडून बाहेर टाकतं. त्यात पाळणा लांबवायच्या गोळ्याही येतात. म्हणजे बाई रोज न चुकता गोळी खाते आणि ती अंगात पुरेशी टिकतच नाही.

हे मला कुणी सांगितलं नाही.

मी थोरलीच्या पहिल्या वाढदिवसापासून माला-एन घेत होते. आमच्या आशाताई पाकिटं आणून द्यायच्या. ऑपरेशननंतर घरी आल्यावर फेब्रुवारीत पुन्हा पाकीट सुरू केलं, मला वाटलं मी शहाणपणाच केला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी माला-एनचं विचारलं नाही. गोळ्या देणाऱ्या ताईंनी विचारलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर टाके, ड्रेसिंग, आहार, “जड वस्तू उचलू नये” असं सगळं होतं. नवरा-बायकोनं एकत्र कधी यायचं, काय काळजी घ्यायची, यावर एक ओळ नव्हती.

आणि मीही विचारलं नाही. वॉर्डात सासरे पायथ्याशी बसलेले, दीर डबा घेऊन आलेला, अशात कोण विचारणार? त्यापुढची चूक तर सर्वस्वी माझीच. टीबी झाला हे मी गल्लीत कुणालाच सांगितलं नाही, आशाताईंनासुद्धा नाही. “आतड्याचं ऑपरेशन झालं” एवढंच. लोक ताट-वाटी वेगळी करतील, पोरीला कुणी खेळायला घेणार नाही, अशी भीती. खरं तर पोटातला टीबी असा शेजाऱ्याला लागत नाही. पुढं सगळं कळल्यावर आशाताई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुमच्या हातात मीच पाकिटं देत गेले.”

मार्चनंतर पाळी आली नाही. त्याचं काही वाटलंच नाही, कारण आजारपणात आधीही दोन महिने आली नव्हती. अंगात रक्त नाही तर पाळी कुठून येणार, असं सगळ्याच बाया म्हणत होत्या. मळमळायचं, तर टीबीच्या गोळ्यांनी मळमळतंच. आता मला माहीत आहे की पाळी सुरू व्हायच्या आधी स्त्रीबीज बाहेर पडतं, म्हणून पाळी येत नसली तरी दिवस राहू शकतात. ३८ किलोच्या, पोटावर पिशवी लावलेल्या बाईलाही राहतात.

मे महिन्यातलं जळगाव तुम्हाला सांगायला नको. पिशवीवाल्या माणसाला तो उन्हाळा दुप्पट लागतो, कारण अंगातलं पाणी आणि मीठ सतत पिशवीतून जात असतं. मी दिवसातून तीनदा ओआरएस प्यायचे. त्या दिवसांत आई धुळ्याहून आली होती. दोन दिवस माझ्याकडं बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मेडिकलवरून ती पट्टी आण ना.” मी हसले. म्हटलं, आई, माझ्या पोटाकडं बघ तरी.

संध्याकाळी पट्टी आणली. दोन रेघा आल्या.

मी न्हाणीघरात बसून किती वेळ रडले ते आठवत नाही. मूल नको म्हणून रडत नव्हते. मी दिवस मोजत होते. वजन ४३ झालं होतं आणि मे अखेर पिशवी आत जोडायची तारीख मिळणार होती. आता ते ऑपरेशन होणार नाही हे मला तिथंच कळलं.

नवरा खाटेवर डोकं धरून बसला. “तू गोळ्या घेत होतीस ना?” त्यानं विचारलं. मी पाकिटं काढून दाखवली, एकही गोळी चुकलेली नव्हती. सासूबाई आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “देवानं दिलंय. यावेळी मुलगा असेल.” आईनं त्यांना तिथंच थांबवलं. आई एरवी व्याह्यांच्या घरी मोठ्यानं बोलत नाही, पण तेव्हा सरळ अहिराणीवर आली. “मन्ही पोर मरता मरता वाचेल शे. तिले काही बोलू नका.” आणि माझ्याकडं वळून, “पहिले तू बरी व्हय, मंग दखसूत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दवाखान्यात गेलो. मला फक्त माहिती हवी होती. ठेवलं तर काय होईल, नाही ठेवलं तर काय करावं लागेल. मी फाईल टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, “पहिली मुलगी का?” हो म्हटलं. त्यांनी फाईल तशीच परत सरकवली. “आमच्याकडं हे होत नाही. कायदा कडक आहे.”

या प्रश्नाचा राग येतो, पण तो कुठून आला हेही मला माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं फक्त ८४२ मुली होत्या. राज्यात बीडच्या खालोखाल आपण होतो. ती लाज आपलीच आहे. सोनोग्राफी सेंटरवर धाडी पडल्या, मशीनला सील लागलं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्या भीतीत दोन वेगळे कायदे एकात कालवले गेले.

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा वेगळा. महाराष्ट्रानं तो १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी केला, पुढं १९९४ मध्ये देशाचा झाला. गर्भपाताचा कायदा त्याहून जुना, १९७१ चा, आणि तो परवानगी देणारा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं मत लागतं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कायद्यात लिहिलेलं कारण आहे. आणि बाई १८ वर्षांच्या वर असेल तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर बंधन आहे, मोडलं तर शिक्षा आहे. माझ्या पोटात नऊ आठवड्यांचा गर्भ होता. त्या वेळी सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतसुद्धा नाही, तरी माझ्याकडं संशयानंच बघितलं गेलं.

चार दिवसांनी धुळ्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडं गेलो. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. टीबीच्या गोळ्यांचं पान आल्यावर चष्मा काढला आणि विचारलं, “माला-एन घेत होतीस का?” मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग रिफाम्पिसिनचं वर लिहिलंय ते सगळं मला त्यांच्याकडून कळलं. हेही कळलं की ही काही नवीन शोधलेली गोष्ट नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांनी ती १९७१ मध्येच छापली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या गर्भनिरोधकांच्या यादीतसुद्धा रिफाम्पिसिन चालू असताना या गोळ्या नकोत असंच आहे. शिवाय मोठ्या ऑपरेशननंतर माणूस पडून असतो तेव्हा या गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून तेव्हाही त्या घेऊ नयेत. म्हणजे दोन कारणांसाठी माझ्या हातात ते पाकीट असायला नको होतं.

मग त्यांनी दोन्ही रस्ते सांगितले, अगदी हिशोब मांडल्यासारखे.

ठेवायचं असेल तर टीबीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्या गरोदरपणात चालतात. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन चालत नाही, त्यानं बाळाच्या कानाला इजा होते, पण ते मला नव्हतंच. टीबी अर्धवट सोडणं हाच बाळाला आणि मला जास्त धोका. पिशवी बाळंतपणापर्यंत राहील. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर अंग भरेपर्यंत, शक्यतो वर्षभर, दिवस राहू देऊ नयेत असंच डॉक्टर सांगतात. पाणी कमी पडणं, रक्त कमी असणं, बाळ वाढताना आतडं अडकणं हे धोके आहेत. पण पिशवी असलेल्या बायका बाळंत होतात, नॉर्मलसुद्धा होतात.

नाही ठेवायचं तर तुला नऊ आठवडे होऊन गेलेत, म्हणून गोळ्यांनी नाही करायचं, दवाखान्यात दाखल होऊन करायचं. तो तुझा हक्क आहे आणि तुझ्या फाईलकडं बघता कुणी तुला विचारू शकत नाही. “घरी जा. चार दिवस विचार कर. सही तुझी लागेल, म्हणून विचारही तूच कर.”

नवरा बाहेर रसवंतीवर म्हणाला, “तू म्हणशील ते.” मला आधी राग आला, सगळं माझ्यावर ढकलतोय म्हणून. नंतर कळलं, त्याच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते कमी नव्हतं.

मी ठेवलं. याला कुणी पुण्य म्हणू नये. मला दुसरं मूल हवं होतं, फक्त तेव्हा नको होतं. माझ्याजवळ आई होती, रजा देणारी पतसंस्था होती, धुळ्यात सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच छताखाली मिळत होते. यातलं एक जरी नसतं तर मी दुसरा रस्ता घेतला असता आणि तोही बरोबरच असता.

हे मी एवढ्या खात्रीनं म्हणते ते माझ्या शेजारच्या खाटेमुळे.

ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात माझ्या शेजारी चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची एक बाई होती. टायफॉइडनं आतडं फुटलेलं. माझ्यापेक्षा लहान, पदरी तीन पोरं. आम्हाला एकाच आठवड्यात सुट्टी मिळाली, फोन नंबर दिले-घेतले. तिला तर कुठल्या साधनाबद्दल एक शब्द कुणी बोललं नव्हतं. जूनमध्ये तिच्या बहिणीचा फोन आला. हिलाही दिवस राहिले होते. नवरा सुरतला कामाला. ही एकटी दवाखान्यात गेली तर नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवली. कायद्यात नसलेली सही! नवरा येईपर्यंत चौथा महिना लागला. मग कुणीतरी कुठूनतरी गोळ्या आणून दिल्या, त्या तिनं घरीच घेतल्या. रात्रभर रक्त जात राहिलं. जळगावला आणेपर्यंत तिचे हातपाय गार पडले होते. तीन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा वाचली.

दोघी एकाच वॉर्डातून घरी गेलो. दोघींना टाक्यांवर पाणी पडू देऊ नका हे नीट सांगितलं होतं.

माझे पुढचे महिने सोपे नव्हते, पण त्याचं पुराण लावत नाही. पोट वाढलं तसं आतड्याच्या तोंडाचा आकार बदलला, पिशवीची चकती दर पंधरवड्याला मोठी कापावी लागायची. सातव्या महिन्यानंतर मला पोटाखालचं दिसेना, मग आरशात बघून किंवा नवऱ्याच्या हातानं पिशवी बदलायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण माझा नवरा मला खरा कळला तो तेव्हा. आतड्याचा जो तुकडा कापला, बी-१२ तिथूनच अंगात जातं, म्हणून त्याची इंजेक्शनं. लोह सलाईनमधून. पिशवीतून पातळ जायला लागलं की भात आणि केळं खायचं म्हणजे घट्ट होतं. केळीच्या जिल्ह्यात राहून पहिल्यांदा केळं औषध म्हणून खाल्लं. जुलैअखेर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला.

सप्टेंबरात माहेरी असताना भाजलेलं कणीस खाल्लं. पिशवीवाल्यांनी मका जपून खावा असं सांगितलेलं होतं, मी अर्ध्याच्या वर खाल्लं. दुपारपासून पिशवी कोरडी, रात्री कळा आणि उलट्या. दोन दिवस नाकातून नळी, सलाईन, तोंडाला पाण्याचा थेंब नाही. सर्जन दर चार तासांनी येऊन पोटाला हात लावत. तिसऱ्या दिवशी पिशवीत हवा आली, मग पाणी आलं. आईनं त्या घाण पाण्याला हात जोडले.

तपासणीसाठी दर पंधरा दिवसांनी जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे. तरसोद ते फागणे चौपदरीकरण तेव्हा कसं रखडत चाललं होतं ते या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सहा महिन्यांची गरोदर बाई, पोटावर पिशवी आणि तो रस्ता. एकदा पारोळ्याजवळ खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीचं चिकट सुटलं. त्या दिवशी मी सगळ्या लोकप्रतिनिधींची नावं घेतली, ती इथं लिहीत नाही.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात धुळ्यात नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगी, २ किलो ४०० ग्रॅम. सासूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला, मी बघितला. नवऱ्यानं पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, मुलीला जिलेबी वाटतात. तो म्हणाला, पेढे स्वस्त मिळाले. आज त्याच सासूबाई तिला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. मार्च २०२४ मध्ये पिशवी गेली. तीन महिने सांगितलेली पिशवी चौदा महिने राहिली.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते.

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की डिस्चार्जच्या आधी बाईनं, नाहीतर तिच्या नवऱ्यानं, तीन गोष्टी विचाराव्यात. एकत्र यायला किती दिवस थांबायचं? दिवस राहू नयेत म्हणून मला कोणतं साधन चालेल? आधी चालू असलेली गोळी तशीच चालू ठेवायची का? टीबीचं औषध सुरू होत असेल तर तिसरा प्रश्न दोनदा विचारा. आतड्याची पिशवी असेल, जुलाब-उलट्या होत असतील, तर तोंडानं घेतलेली कुठलीही गोळी पूर्ण लागू होईलच असं नाही, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

साधनं आहेत. निरोध आहे. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रिफाम्पिसिन चालू असतानाही चालतं. गर्भाशयाला टीबी नसेल तर तांबीही चालते. तुमच्या अंगाला कोणतं योग्य ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना विचारावं लागेल.

आणि डॉक्टर मंडळींना, ताईंना, हात जोडून विनंती. तुम्ही आमचे जीव वाचवता. माझा वाचवला. वॉर्डात गर्दी किती असते ते मी पाहिलंय. पण लघवीचा रंग सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात हे सांगून होतं. बाईला सासऱ्यांसमोर विचारू नका, पडद्याआड नेऊन विचारा. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ वाढवा. टीबीच्या कार्डावर ‘कुटुंब नियोजनाचं साधन’ असा एक रकाना भरून घ्या. याला ना मशीन लागतं, ना निधी.

परवा आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. लग्नाला वर्ष झालेली पोर, मानेला टीबीची गाठ निघाली, गोळ्या सुरू झाल्यात. “हिला काय खायला घालू ते सांग, तू यातून गेलीस,” काकू म्हणाल्या. मी अंडी, डाळ, शेंगदाणे सांगितले. मग काकूंना म्हटलं, जरा चहाचं बघता का, दूध ओट्यावर आहे. काकू आत गेल्या. मी पोरीला विचारलं, “पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस का गं?”

तिनं आधी दाराकडं बघितलं, मग हळूच मान हलवली. हो.